‘कोणाला सांगू नका’ असे बजावणारा कोर्टाचा कागद

पत्र : आम्ही सत्तरच्या दशकापासून इंग्लंडमध्ये राहतो. आईने इथे वीस-बावीस वर्षे कारखान्यात शिवणकाम केले. आज ती ऐंशीच्या पुढे आहे, तिला स्मृतिभ्रंश आहे, आणि आयुष्यभर कमावलेले इंग्रजी दोन वर्षांत जाऊन तिच्यापाशी फक्त माहेरची मराठी उरली आहे. मागच्या हिवाळ्यात ती जिन्यावरून पडली. हॉस्पिटलमधून तिला माझ्याशी धड न बोलता केअर होममध्ये हलवण्यात आले. एका भेटीत मी तिला बेसनाचा लाडू भरवला, तिला ठसका लागला, आणि तेव्हापासून मला आठवड्यातून दोनदा, एकेक तास आणि तोही कर्मचाऱ्यासमोर भेटता येते. आता कौन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, कोर्ट ऑफ प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे स्वतःचे निर्णय घेऊ न शकणाऱ्या प्रौढांबद्दल निर्णय देणाऱ्या कोर्टात, अर्ज केला आहे. सोबत आलेल्या हुकमात, आईची ओळख पटेल असे काहीही जाहीर केल्यास तुरुंगवास होऊ शकतो, असे लिहिले आहे. पुण्याचा भाऊ म्हणतो, ‘तिकीट काढ आणि आईला घेऊन ये, पुढचे मी बघतो.’ आईने पंधरा वर्षांपूर्वी पुण्यात माझ्या नावे केलेले मुखत्यारपत्र माझ्याकडे आहे. हे गुप्त कोर्ट माझ्या आईचा निर्णय माझ्या पाठीमागे घेणार का? पोटच्या मुलीला काहीच हक्क नाही का?
– एक लेक

ताई, सप्रेम नमस्कार.

वर छापलेले पत्र तुम्ही लिहिले होते तसे राहिलेले नाही. ज्यांवरून तुम्हाला किंवा आईला कोणी ओळखू शकेल असे तपशील मी बदलले आहेत किंवा गाळले आहेत, आणि तुम्ही सोबत जोडलेली हुकमाची प्रत न वाचता पुसून टाकली आहे, कारण ती तुम्ही मला पाठवायलाच नको होती. या कोर्टाच्या नियमांप्रमाणे पक्षकाराला वकिलाचा सल्ला घेता येतो आणि आधार किंवा मदत मिळावी म्हणून एखाद्या विश्वासू माणसाशी खासगीत बोलताही येते. परंतु वर्तमानपत्राच्या सदराला कागद पाठवणे, कागदाचा फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे किंवा फेसबुकवर केअर होमचे नाव घेऊन मन मोकळे करणे या गोष्टी त्यात बसत नाहीत. असा एखादा फोटो गेला असेल तर तो आजच काढा आणि तसे आपल्या वकिलाला सांगून ठेवा. भावाशी किती आणि काय बोलायचे, हेही वकिलाला विचारून ठरवा. जवळचे नातेवाईक म्हणून त्यालाही कोर्टाची रीतसर सूचना जाऊ शकते आणि तसे झाल्यास त्याच्याशी चोरून बोलण्याची वेळ येणार नाही.

बाकीचे वाचण्यापूर्वी कागदावरची तारीख पाहा. त्या कागदावर तुम्हाला पक्षकार म्हणून दाखवले आहे की केवळ सूचना दिली आहे, हा फरक मोठा आहे. नुसती सूचना असेल तर ‘सीओपी ५’ नावाचा अर्ज भरून आपल्याला या प्रकरणात पक्षकार व्हायचे आहे असे कळवावे लागते, आणि त्यासाठी सूचना मिळाल्यापासून फक्त १४ दिवस असतात. पुष्कळ कुटुंबे हा कागद ‘आपल्याला कळवले आहे’ एवढ्याच अर्थाने घेतात, तो ड्रॉवरमध्ये ठेवतात, आणि मग तीन महिन्यांनी निर्णय हातात आल्यावर आपल्याला कोणी विचारलेच नाही म्हणून संतापतात. पक्षकार झाल्यावर मात्र कौन्सिलने कोर्टापुढे ठेवलेले अहवाल तुम्हाला मिळतात, तुम्हाला आपले लेखी निवेदन देता येते, साक्षीदाराला प्रश्न विचारता येतात आणि न्यायाधीशांसमोर बोलता येते. मुलीच्या ज्या हक्काबद्दल तुम्ही विचारता, तो प्रत्यक्षात या चौदा दिवसांत हातात येतो किंवा निसटतो.

आता भावाच्या तिकिटाबद्दल. हे करू नका. आईची काळजी वाहणाऱ्या मुलीने तिला मायदेशी नेण्यात गुन्हा कसला, असे तुम्हाला वाटेल. पण कोर्टाने आईच्या राहण्याबद्दल हुकूम दिलेला असताना किंवा प्रकरण त्याच्यापुढे चालू असताना तिला गुपचूप हलवणे म्हणजे थेट त्या कोर्टाशी सामना करणे. डेव्हन परगण्यातले तेरेसा कर्क यांचे प्रकरण तुमच्या परिस्थितीच्या इतके जवळ आहे की ते सांगितलेच पाहिजे. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंनी स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या वृद्ध भावाला इंग्लंडमधून त्याच्या मूळ देशात, पोर्तुगालमध्ये नेऊन तिथल्या वृद्धाश्रमात ठेवले. कोर्ट ऑफ प्रोटेक्शनने त्याला परत आणण्यासाठी एका कागदावर सही करण्याचा हुकूम दिला, त्यांनी नकार दिला, आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. पुढे अपील मंजूर होऊन त्या सुटल्या खऱ्या, पण तोपर्यंत त्यांनी कित्येक आठवडे तुरुंगात काढले होते. त्यांचे म्हणणे बरोबर होते की चूक, हा वाद बाजूला ठेवला तरी त्या आठवड्यांत त्यांचा भावाला काही उपयोग झाला नाही, एवढे नक्की.

पुण्याला नेल्याने कोर्टाचा अधिकार संपेल, हाही भ्रम आहे. ज्या प्रौढ व्यक्तीचे नेहमीचे वास्तव्य इंग्लंड किंवा वेल्समध्ये आहे, तिच्याबद्दल निर्णय घेण्याचा अधिकार या कोर्टाला आहे, आणि पन्नास वर्षे इथे काढलेल्या बाईचे नेहमीचे वास्तव्य विमानात बसवल्याने बदलत नाही. तुम्ही स्वतः इंग्लंडमध्ये राहता, त्यामुळे परिणाम तुम्हाला भोगावे लागतील, भावाला नाही. आईने उरलेले दिवस पुण्यात काढावेत असे तुम्हाला खरोखर आणि विचारांती वाटत असेल, तर तो पर्याय कोर्टापुढे उघडपणे मांडता येतो. त्याला हसून उडवून लावले जाणार नाही. मात्र मग भावाने ‘पुढचे मी बघतो’ एवढ्यावर न थांबता ती कोणत्या घरात राहील, लिफ्ट आहे का, दिवसा आणि रात्री कोण असेल, डॉक्टर कोण, पैसा कुठून येईल आणि एवढा लांबचा प्रवास ती कशी सोसेल, हे कागदावर लिहून सही करून द्यायला हवे. त्याची तेवढी तयारी आहे का, हे त्याला आजच विचारा. ज्या मुलाला हे लिहून देणे जड जाते, त्याचे ‘घेऊन ये’ तुम्ही किती मनावर घ्यायचे ते तुम्हीच ठरवा.

तुम्ही या कोर्टाला गुप्त म्हणता. ही समजूत तुमची एकटीची नाही आणि निराधारही नाही. मानसिक क्षमता कायदा २००५ मध्ये झाला आणि आजचे कोर्ट ऑफ प्रोटेक्शन ऑक्टोबर २००७ मध्ये त्या कायद्याखाली उभे राहिले. पहिली आठ-नऊ वर्षे त्याचे काम बहुतांशी बंद दाराआड चालत असे. २०१२ मध्ये वांडा मॅडॉक्स नावाच्या स्त्रीला याच कोर्टाने अवमानासाठी पाच महिन्यांची शिक्षा दिली. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांना तिने हुकूम मोडून केअर होममधून बाहेर काढले होते आणि वकिलाकडे नेले होते. शिक्षा सुनावली तेव्हा ती कोर्टात हजर नव्हती, तिच्या बाजूने वकीलही नव्हता. तिने सुमारे सहा आठवडे तुरुंगात काढले आणि ही गोष्ट लोकांना कळली ती २०१३ च्या एप्रिलमध्ये, वर्तमानपत्रांतून. एका नागरिकाला तुरुंगात टाकले जाते आणि देशाला ते महिनोन्‌महिने कळत नाही, यावर गदारोळ उठला. पुढच्याच महिन्यात, ३ मे २०१३ रोजी, अवमानासाठी कोणालाही कैद करायची असेल तर त्या व्यक्तीचे नाव आणि कारण उघड न्यायालयात सांगितले पाहिजे, असे मार्गदर्शन देशाचे सरन्यायाधीश आणि कोर्ट ऑफ प्रोटेक्शनचे अध्यक्ष यांनी काढले.

त्यानंतर वारे बदलले. जानेवारी २०१६ मध्ये सुनावण्या उघड ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि २०१७ च्या नव्या नियमांबरोबर तीच रीत कायम झाली. आज बहुतेक सुनावण्यांना पत्रकार किंवा कोणताही नागरिक येऊन बसू शकतो आणि काय चालले ते लिहूही शकतो. फक्त ज्या व्यक्तीबद्दल प्रकरण आहे तिची आणि सहसा तिच्या कुटुंबाचीही ओळख पटेल असे काही छापता येत नाही. तुम्हाला जो हुकूम आला आहे तो बहुधा हाच, त्याला ‘ट्रान्स्परन्सी ऑर्डर’ म्हणजे पारदर्शकतेचा हुकूम म्हणतात. तोंड बंद करणाऱ्या कागदाला पारदर्शकता हे नाव मिळावे, याचे तुम्हाला हसू आले तर तुमचा दोष नाही. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. तो कोर्टाचे दार बंद करत नाही. आईच्या आजारपणाची, तिच्या अंथरुणाची आणि औषधांची चर्चा तिच्या नावानिशी गावभर होऊ नये, म्हणून तो नावाभोवती पडदा धरतो. हा पडदा तुमच्या सोयीचा नसला तरी आईच्या सोयीचा आहे, आणि तिला विचारले असते तर तिने तो मागितला नसता असे मला वाटत नाही. ज्याच्या नावाभोवती तो धरलेला असतो, त्याची इच्छा असेल तर न्यायाधीश तो हटवूही शकतात. २०१४ मध्ये मॅन्युएला साइक्स या वृद्ध आणि एकेकाळी राजकारणात वावरलेल्या बाईंनी आपले नाव जाहीर व्हावे अशी इच्छा सांगितली आणि न्यायाधीशांनी ती मानली. त्या प्रकरणाकडे मी पुन्हा येणार आहे.

एक गुप्तता मात्र खरोखरची उरली आहे आणि ती तुमच्यापासून लपवू नये. क्वचित प्रसंगी न्यायाधीश एखाद्या पक्षकारालाच बाहेर ठेवून, कधी तर त्याला न कळवता, सुनावणी घेतात. एका तरुणीच्या प्रकरणात २०२० पासून असे घडले होते : तिला नकळत औषध दिले जात होते आणि तिच्या आईला ते सांगितलेले नव्हते, ती आई मुलीला घरी आणण्यासाठी त्याच कोर्टात दाद मागत होती आणि आपण ज्यावर भांडतो आहोत ते चित्रच अर्धवट आहे, हे तिला २०२२ मध्ये कळले. त्यावर बरीच टीका झाली आणि अशा बंद सुनावण्या केव्हा आणि कशा घ्याव्यात याचे मार्गदर्शन फेब्रुवारी २०२३ मध्ये काढण्यात आले. तुमच्या प्रकरणात असे काही असेल असे तुमच्या पत्रावरून दिसत नाही. तरीही मनात संशय ठेवून रात्री जागण्यापेक्षा वकिलाकरवी सरळ लेखी विचारावे.

आता मुख्य प्रश्न. इंग्लंडच्या कायद्यात ‘नेक्स्ट ऑफ किन’ म्हणजे सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणून कोणालाही दुसऱ्या प्रौढ माणसाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार मिळत नाही. पतीला नाही, मुलाला नाही, मुलीला नाही. हॉस्पिटलच्या फॉर्मवर तो रकाना असतो आणि आपण तिथे मोठ्या अभिमानाने नाव लिहितो, पण तो फोन कोणाला करायचा यासाठी असतो, निर्णय कोणी घ्यायचा यासाठी नाही. निर्णयाचा अधिकार हवा असेल तर शुद्ध आणि समज शाबूत असताना आईने ‘लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी’ करून त्याची नोंदणी केलेली असायला हवी होती, आणि त्यातही पैशांचे एक आणि आरोग्य व देखभालीचे वेगळे असे दोन प्रकार असतात. पहिले केले म्हणून दुसरे मिळत नाही. तुमच्याकडचे पुण्याचे मुखत्यारपत्र इथे उपयोगाचे नाही. तिथेही ते उपयोगाचे राहिले आहे का, ही शंकाच आहे, कारण भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ज्याने अधिकार दिला त्याची समज गेली की साधे मुखत्यारपत्र संपते. त्या कागदावर आईच्या पुण्यातल्या जागेचे किंवा बँकेचे काही व्यवहार अजून चालू असतील तर ते थांबवा आणि तिथल्या वकिलाला विचारा. त्यातला एखादा व्यवहार उद्या इथल्या कोर्टात तुमच्या हेतूबद्दल शंका घ्यायला पुरेसा होईल.

अधिकार नाही याचा अर्थ काहीच नाही असा घेऊ नका. इथल्या मानसिक क्षमता कायद्याच्या कलम ४ मध्ये असे बंधन आहे की आईच्या हिताचा निर्णय घेणाऱ्याने, शक्य आणि योग्य असेल तिथे, तिची काळजी घेणाऱ्यांचे आणि तिच्या भल्यात रस असणाऱ्यांचे म्हणणे विचारात घेतलेच पाहिजे. त्यांनी तुम्हाला ‘आईसाठी काय हवे?’ असे विचारणे अपेक्षित नाही. आईच्या इच्छा, भावना, श्रद्धा आणि तिला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी तुम्हाला काय ठाऊक आहेत, असे विचारणे अपेक्षित आहे. हा फरक सूक्ष्म असला तरी तुमचे लेखी निवेदन त्यावर उभे राहील किंवा कोसळेल. ‘मी तिची मुलगी आहे, मला कळते’ असे पाच पाने लिहिण्यापेक्षा, ती पहाटे पाचला उठून तुळशीला पाणी घालायची, मंगळवारी उपास करायची, परक्या पुरुषाने अंगाला हात लावलेला तिला आयुष्यात कधी चालला नाही, अशी पाच वाक्ये न्यायाधीशाला अधिक कामाची वाटतील. हॉस्पिटलमधून हलवताना तुमच्याशी बोलणे झाले नाही, असे तुम्ही लिहिता. तो निर्णय ज्या बैठकीत झाला ती कधी झाली, कोण हजर होते, टिपण कुठे आहे, हे मागवा. कुटुंबाचा विरोध असताना कौन्सिलने परस्पर निर्णय लादू नये, वाद कोर्टासमोर लवकर आणण्याची जबाबदारी तिचीच आहे, हे स्टीव्हन नीअरी या तरुणाच्या २०११ च्या निकालात न्यायाधीशांनी लंडनमधल्या हिलिंग्डन कौन्सिलला स्पष्ट शब्दांत सुनावले होते. तीन दिवसांसाठी म्हणून नेलेल्या त्या मुलाला त्यांनी जवळजवळ वर्षभर बापाकडे परत जाऊ दिले नव्हते. त्या निकालाकडे पाहता, तुमच्या कौन्सिलने कोर्टात जाणे ही वाईट बातमी नाही. न जाता तुम्हाला झुलवत ठेवले असते तर ती अधिक वाईट ठरली असती.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती भाषेची, आणि तुम्ही ती पत्रात एका वाक्यात उरकली आहे. कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रौढ माणसाला निर्णयक्षमता आहे असे धरूनच चालावे लागते, आणि नाही म्हणण्याआधी तिला निर्णय घेता यावा यासाठी शक्य ती सर्व मदत द्यावी लागते. क्षमता नसल्याचे ठरवताना डिमेन्शियाचे निदान पुरेसे नसते, वयही पुरेसे नसते. त्या वेळी त्या एका प्रश्नाबद्दलची माहिती तिला समजते का, थोडा वेळ लक्षात राहते का, तोलून पाहता येते का आणि कसेही करून उत्तर कळवता येते का, हे पाहावे लागते. आता हे सगळे आईला कोणत्या भाषेत विचारले गेले? आज महिना कोणता आणि पंतप्रधान कोण, असे इंग्रजीत विचारून, बाई गप्प बसली म्हणून तिला समजत नाही असे लिहून मोकळे होणे, हे मूल्यमापन नव्हे. दुसरीही एक गंमत इथे नेहमी घडते : दक्षिण आशियाई म्हटले की गुजराती किंवा हिंदी दुभाषी पाठवला जातो, आई सभ्यपणाने मान डोलावते, आणि अहवालात ‘दुभाष्याच्या साहाय्याने संवाद साधला’ असे छापून येते. मान डोलावणे म्हणजे होकार नाही, हे इंग्रज डॉक्टरला सांगणारे त्या खोलीत कोणी नसते.

म्हणून वकिलाला पहिली मागणी ही करायला सांगा की, आईच्या क्षमतेचे आणि इच्छेचे मूल्यमापन मराठी जाणणाऱ्या, व्यवसायाने दुभाषी असलेल्या व्यक्तीसह पुन्हा व्हावे, शक्यतो सकाळी, ती ताजीतवानी असताना, आणि एकाहून अधिक वेळा. दुभाषी तुम्ही स्वतः होऊ नका. तुम्ही भाषांतर कितीही प्रामाणिक केले तरी समोरचा पक्ष तुम्ही आपलेच म्हणणे तिच्या तोंडी घातले असे म्हणेल, आणि त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल. आईच्या वतीने बोलण्यासाठी कोर्ट एक ‘लिटिगेशन फ्रेंड’ नेमते, बहुधा दुसरे कोणी नसल्यास ऑफिशियल सॉलिसिटर, म्हणजे अशा लोकांसाठी असलेला सरकारी वकील; तिच्यासाठी वेगळा वकील असतो. त्या वकिलानेही तिला मराठी दुभाष्यासह भेटावे, असा आग्रह धरा. न्यायाधीशांना स्वतः आईला भेटण्याची विनंतीही करता येते, आणि पुष्कळ न्यायाधीश ती मान्य करतात.

ती रोज ‘मला घरी जायचंय’ म्हणते, असे तुमच्या मूळ पत्रात होते. हे वाक्य तुमच्या बाजूचे भक्कम प्रमाण आहे असे तुम्हाला वाटते. असेल. पण ते कोणते घर? ज्या जिन्यावरून ती पडली ते, की विहीर आणि पडवी असलेले, कधीच विकले गेलेले माहेर? स्मृतिभ्रंशात घर हा शब्द फार मागे सरकलेला असतो आणि कधी कधी तो जागेबद्दल नसतोच, भीतीबद्दल असतो. मराठी माणसाने चार साधे प्रश्न विचारले, म्हणजे घरात कोण आहे, स्वयंपाक कोण करते, दाराबाहेर काय दिसते, तर ते बऱ्यापैकी कळते. उत्तर तुमच्या मनासारखे न येण्याची तयारी ठेवा.

लाडवाबद्दल मी तुमची बाजू घेणार नाही. गिळण्याचा त्रास असलेल्या वृद्ध व्यक्तीला कोरडा, भुरभुरीत, टाळूला चिकटणारा पदार्थ धोक्याचा असतो, आणि ठसक्यातून न्यूमोनिया होऊन माणसे दगावतात. तुम्ही ते प्रेमाने केले हे खरे. कौन्सिलच्या फायलीत मात्र ते ‘सूचना देऊनही’ केले असे लिहिलेले असणार. तेव्हा निवेदनात ते स्वतःहून मान्य करा. केअर होममधल्या गिळण्याच्या तज्ज्ञाला, म्हणजे स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्टला भेटून आईसाठी ठरवलेली अन्नाच्या घट्टपणाची पातळी समजून घ्या आणि त्या पातळीत बसणारे घरचे काय चालेल ते विचारा. मऊ भात आणि घट्ट वरण एकजीव करून, रताळ्याची खीर घोटून, असे काहीतरी बहुधा निघेल. तिथल्या बेचव लापशीला कंटाळून आई खात नाही ही मूळ पत्रातली तुमची तक्रार यातून आपोआप पुढे येईल आणि ती तक्रार म्हणून न येता उपाय म्हणून येईल. मात्र यावरून भेटींवर कायमचा पहारा बसवणे ही वेगळी गोष्ट आहे. एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमधल्या केअर होमवर भेटी होऊ देण्याचे कायदेशीर बंधन आहे, आणि आई-लेकीच्या भेटींवर वादग्रस्त मर्यादा घालायच्या तर त्या केअर होमच्या व्यवस्थापकाने किंवा सोशल वर्करने आपल्या मर्जीने घालू नयेत. तो निर्णय कोर्टाकडून यायला हवा. कोणत्या तारखेपासून, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या कागदाच्या आधारे ही मर्यादा घातली, हे विचारा. भेटीत खाऊ द्यायचा नाही एवढ्या अटीवर पहारा उठवावा, असा मधला मार्ग तुम्ही स्वतः सुचवला तर न्यायाधीश तो बहुधा मनावर घेतील.

घरी नेण्याची मागणी करायची असेल तर एक कठीण गोष्ट आधी समजून घ्या. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की कोर्ट ऑफ प्रोटेक्शन फक्त उपलब्ध पर्यायांमधूनच निवड करू शकते. कौन्सिल ज्या सेवेचा खर्च करायला तयार नाही, ती सेवा द्या असा हुकूम ते देऊ शकत नाही. थोडक्यात, ताटात जे वाढले आहे त्यातूनच न्यायाधीशाला घास उचलायचा असतो. ‘आईला चोवीस तास माणूस द्या आणि घरी पाठवा’ ही मागणी रास्त असली तरी कौन्सिलने नाही म्हटले की ती ताटातून नाहीशी होते. म्हणून कौन्सिलकडे केअर अ‍ॅक्ट २०१४ खाली आईच्या गरजांचे आणि काळजीवाहक म्हणून तुमच्या गरजांचे मूल्यमापन लेखी मागा, ती घरी मदत म्हणून नेमके किती तास देईल ते आकड्यांत घ्या, आणि उरलेले तास तुम्ही कसे भराल ते वेळापत्रक करून मांडा. पलंग खाली दिवाणखान्यात आणता येईल का, खालच्या मजल्यावर संडास आहे का, रात्री ती उठली तर कोण जागे होईल, तुमची नोकरी किती दिवसांची आहे, तुमची स्वतःची पाठ कशी आहे, हे सगळे लिहा. पाठीचे खरे लिहा.

अशी योजना नीट मांडली तर धोका आहे म्हणून कोर्ट नाही म्हणेलच असे नाही. साइक्स बाईंना स्मृतिभ्रंश होता, घरी त्यांची आबाळ होण्याची भीती खरी होती, तरीही न्यायाधीशांनी केअर होममधून महिनाभर घरी राहून पाहण्याची संधी त्यांना दिली. तुम्हीही कायमचे घर न मागता महिन्याभराचा प्रयोग मागा. तो फसला तर मागे फिरायचे, असे आधीच मान्य करा. पुढे याच कोर्टाचे अध्यक्ष झालेल्या एका न्यायाधीशांनी २००७ मध्येच विचारले होते की, माणसाला सुरक्षित करून दुःखीच करायचे असेल तर त्या सुरक्षिततेचा उपयोग काय. हा प्रश्न तुमच्या वकिलाला पाठ असेल. आईच्या प्रकरणात तो विचारण्याजोगा आहे की नाही, हे तुमच्या वेळापत्रकावरून ठरेल.

पैशांचे थोडक्यात. देखभालीच्या प्रकरणांत साधारणपणे ज्याचा त्याचा खर्च ज्याने त्याने करायचा असतो. केअर होममध्ये आईला ठेवून घेण्याच्या परवानगीलाच तिच्या वतीने आव्हान दिले गेले, तर त्यासाठी तिला आणि तिच्या अधिकृत प्रतिनिधीला मिळकत न पाहता सरकारी कायदेशीर मदत मिळते. मुलगी म्हणून तुम्हाला हवी असेल तर मात्र मिळकत आणि शिल्लक पाहिली जाते. म्हणून आईचा तो प्रतिनिधी कोण नेमला आहे, तो तिला खरोखर भेटतो का, त्याने तिच्या आक्षेपाबद्दल काय केले, हे विचारायला विसरू नका. वकील परवडलाच नाही तर स्वतः उभे राहता येते आणि टिपणे घ्यायला, कानात सांगायला एक माणूस सोबत ठेवण्याची परवानगी मागता येते.

आजपासून एक वही करा. भेटीची तारीख, वेळ, आई कशी दिसली, काय खाल्ले, कोण कर्मचारी होते, आणि ती जे बोलली ते. चांगला दिवस असेल तर तोही लिहा. केअर होममधल्या एखाद्या मुलीने तिची वेणी घालून दिली असेल तर तेही. आईची वाक्ये इंग्रजीत उतरवू नका, सुधारू नका, अर्धवट राहिली तर अर्धवटच ठेवा. ती ज्या मराठीत बोलली त्याच मराठीत लिहा. त्यांचे भाषांतर कोर्टासाठी दुसरे कोणीतरी करील.